पाठ असलेले शब्द

आश्लेषानं स्क्रॅबलच्या बोर्डावर तीन अक्षरं टपटप मांडली. सी, डब्ल्यू, एम. दिगंबररावांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला. तीन अक्षरं आणि त्यांत स्वर म्हणून औषधालासुद्धा नाही.

“याचा अर्थ काय?”

“माहीत नाही, आजोबा. लिस्टमध्ये आहे.”

ती लिस्ट म्हणजे शाळेतल्या स्क्रॅबल क्लबनं वाटलेली चार पानं. कुणी कधी बोलत नाही असे, अडगळीत पडलेले इंग्रजी शब्द, फक्त खेळात गुण मिळवून देणारे. अकरा वर्षांच्या पोरीनं ते घडाघडा पाठ केले होते. अकोल्यात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाला त्यातले दहासुद्धा येत नव्हते आणि हे त्यांना सहा महिने टोचत होतं.

तरी ते रोज खेळायला बसत. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या या घरात नात त्यांच्याशी बोलायची ती एवढ्या तासाभरातच. गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं. पुढे पुन्हा रविवारचा फोन, कॉलिंग कार्ड आणि दहा मिनिटं.

त्यांनी जाडजूड डिक्शनरी ओढली.

“डोंगरातली खोलगट जागा. लक्षात ठेव. अर्थ न कळता शब्द वापरणं म्हणजे निव्वळ पोपटपंची.”

आवाजाला वर्गातली धार आली होती. आश्लेषा आपली अक्षरं पिशवीत टाकू लागली. दिगंबरराव गोंधळले. आपलं चुकलं कुठे, तेच त्यांना कळेना.

“पण तुम्हीच म्हणालात ना, फोनवर,” ती खाली बघत म्हणाली. “आधी पाठ कर, मीनिंग नंतर.”

म्हणाले होते खरे. ती पाच वर्षांची असल्यापासून तिची आई वीणा दर रविवारी वडिलांना फोन लावून द्यायची. ट्रॉयमध्ये सकाळ, अकोल्यात दिवेलागण. तिकडे त्यांनी देवापुढे दिवा लावला की इकडे ही पोर दुधातलं सीरियल खाता खाता संध्याकाळचे श्लोक म्हणायची. एक अक्षर चुकायचं नाही. दिगंबररावांना इतकं कौतुक, की ते रिसीव्हर शेजाऱ्यांच्या कानाला लावायचे. अर्थ सांगायचं मात्र सहा वर्षं राहूनच गेलं होतं.

“मग आज सांगतो. म्हण.”

ती म्हणू लागली. एकेक ओळ झाली की ते अर्थ सांगत. तिनं पिशवी बाजूला ठेवली, जरा पुढे सरकून बसली. तिसऱ्या श्लोकाला दिगंबरराव अडखळले. त्यातला एक जोडाक्षरी शब्द त्यांनी लहानपणापासून रोज म्हटला होता. वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतला, त्यांनी वीणाकडून. आणि अर्थ? त्यांनी छताकडे पाहिलं, शब्द दोनदा पुटपुटला. मग काही सुचेना तेव्हा समोरची इंग्रजी डिक्शनरीच उघडली आणि तिची पानं उलटत राहिले.

आश्लेषा थोडा वेळ बघत बसली. मग तिनं पिशवीतून सात अक्षरं काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“इट्स ओके, आजोबा,” ती म्हणाली. “तरी पॉइंट्स मिळतात. तुमची टर्न.”