ज्याचं त्याचं माणूस

शाळेत जादा काम निघालं की ते श्रीविद्याबाईंच्या गळ्यात पडणार, हे ठरलेलंच होतं. बाकीच्या बायकांना घरी नवरे, सासवा, तापानं फणफणलेली मुलं. श्रीविद्याच्या घरी कोण? हेडमास्तर वैद्यनाथ माणूस वाईट नव्हते, पण एकट्या बाईला वेळच वेळ असतो, हे त्यांनी अगदी पक्कं धरलं होतं. शाळेच्या सुरक्षेचा आराखडा करा असं वरून फर्मान आलं, तेव्हा त्यांनी कागदांचा गठ्ठा सरळ तिच्या टेबलावर ठेवला आणि आपण कॉफी प्यायला गेले.

खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं. मागच्या वर्षी अम्मा, म्हणजे तिची आई शेषम्मा, गेल्यापासून संध्याकाळ तिला खायला उठायची. पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेलं मराठी घर त्यांचं, पण त्यात मराठी बोलायच्या त्या दोघीच. चेन्नईचा भाऊ भरद्वाज फोन करायचा, पण बायकोमुलांत राहून त्याची जीभ आता तमिळलाच सरावलेली. अम्मा गेल्यावर श्रीविद्या मराठी बोलायची ती एका कुकरशी, आणि कुकर काही उत्तर देत नाही.

आराखडा तिनं मन लावून केला. शाळेत सगळी मुलं एका साच्यातली नव्हती, मग सगळ्यांना एकच सूचना कशी पुरणार? पापनाशमकडच्या खेड्यांतून बसनं येणारी मुलं कालवे फुगले की अडकायची, त्यांना घरी कधी सोडायचं ते बसच्या ड्रायव्हरनं ठरवायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी घंटेबरोबर दिवा लागायचा आणि शेजारच्या मुलीनं खांद्याला हात लावायचा. भातगिरणीत कामाला आलेल्या बिहारी मजुरांच्या मुलांसाठी हिंदी जाणणारा शाळेचा आचारी. ज्याला त्याला आपलं म्हणावं असं एक माणूस तिनं नेमून दिलं. संकटात मूल ओळखीच्या आवाजामागे जातं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं.

ऋतुजाला मात्र तिनं आचाऱ्याच्या गटात टाकलं.

ऋतुजा दुसरीतली. बाप सांगलीकडचा, सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यासाठी तंजावुरात आलेला. मुलीचं नाव घालायला आई आली होती तेव्हा श्रीविद्या तिथेच होती. ती बाई लेकीला दबक्या आवाजात मराठीत काहीतरी सांगत होती आणि श्रीविद्याला शब्दन् शब्द कळत होता. तरी तिनं तोंड उघडलं नाही. तंजावूरच्या मराठी घरांतला हा रिवाजच: घरची भाषा उंबऱ्याच्या आत. चार तमिळ माणसांत ती बोलणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावणं, असं अम्मानं लहानपणीच बजावलेलं. शिवाय आपली मराठी ही अशी सांबार-रसमात मुरलेली, ती खऱ्या मराठी माणसापुढे काढायची लाजही वाटली. महाराष्ट्रातल्या पोरांना हिंदी येतेच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि मोकळी झाली. सात वर्षांच्या खेड्यातल्या पोरीला कुठून येणार हिंदी? पण हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

आगीच्या तालमीच्या दिवशी घंटा झाली. वैद्यनाथांनी हौसेनं जिन्याजवळ डब्यात ओलं गवत पेटवून थोडा धूरही केला होता. पोरं रांगेनं खाली आली, दिवे लागले, खांद्यांना हात लागले, सगळं कसं सुरेख चाललं होतं. मग आचारी घामाघूम होऊन सांगायला आला की एक कमी आहे. त्यानं हाका मारल्या तशी ती पोरगी उलट बाकाखालीच शिरली म्हणे.

श्रीविद्या तोंडावर पदर धरून वर गेली. धूर खोटा होता, पण छातीतली धडधड खरी होती. ऋतुजा शेवटच्या बाकाखाली डोकं हातांनी झाकून बसलेली. श्रीविद्यानं तमिळमध्ये बोलावलं, मोडक्या हिंदीत बोलावलं. पोरीनं बाकाचा पाय आणखी घट्ट धरला. उद्या खरीच आग लागली तर ही इथेच राहणार, आणि तिथे तिला आपण ठेवलेलं असणार. श्रीविद्या जमिनीवर बसली.

"बाळे, खाली कायला बसलीस ग?"

पोरीनं हात काढून पाहिलं. "घंटा झाली की बाकाखाली बसायचं असतंय. भूकंपाला. आमच्या शाळेत शिकवलंय."

तिच्या परीनं पोरगी अगदी शहाण्यासारखी वागली होती. एकच घंटा, पण तिच्या गावी तिचा अर्थ निराळा होता, आणि इथला अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता.

"हिथं भूमी हालत नाही ग. हिथं आगीची भीती. घंटा झाली की अस्के जण बाहेर जायाचं. चल, मी तुला न्यायाला आलें."

ऋतुजा बाहेर सरकली. जिना उतरताना तिनं विचारलं, "तुमास्नी मराठी येतंय व्हय? मग इतकं दिवस बोलला न्हाईसा ते?"

श्रीविद्यानं तिचं बोट धरलं आणि तिला मैदानात नेलं.

मैदानावर वैद्यनाथांनी विचारलं की पोरीशी कोणत्या भाषेत बोलत होतात. आमच्या घरची, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. इतकी वर्षं शेजारी बसून डबा खाणाऱ्या बाया तिच्याकडे बघतच राहिल्या. कोणाच्याही तोंडावर दार लागलं नाही. मग तिनं आचाऱ्याला सांगितलं की ही आता माझ्या गटात. गट कसला, दोघींचाच. तरी तिला फार दिवसांनी हलकं वाटलं. आता रोज मधल्या सुट्टीत बोलू, असं ती ऋतुजाला म्हणाली.

"शनिवारपातूरच," ऋतुजा म्हणाली. "मग आमी गावाकडं जाणार, कायमचं. आईला हितं करमत न्हाई. दिसभर बोलाय कुणी न्हाई म्हणून रडत असती."

श्रीविद्यानं घर विचारलं. पोरीनं खूण सांगितली, ती श्रीविद्याच्याच घरामागच्या गल्लीतली निघाली. रोज बसला जाताना ती त्या दारावरून जात होती. एक दार होतं, ते आपणच लावून घेतलं होतं, आणि दोन्ही बाजूंना एकेक बाई एकटी बसली होती. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"आज सांजे येतें म्हणून आईला सांग," ती म्हणाली.

"या की," ऋतुजा म्हणाली. "पण बसाय कायबी न्हाई. समदं बांधून ठिवलंय."