भिकाजीच्या फ्लॅशमधली विभूती

"झालं गं बाई! हळदीचं कुंकू झालं!"

कोळवणच्या एसटी थांब्यासमोर, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या ओट्यावर एकच गलका उठला. बायका एकमेकींच्या खांद्यावरून माना काढत होत्या, बाप्ये चपला काढून हात जोडत होते. फार्महाउसवरची पाहुणे मंडळीसुद्धा जीप थांबवून मोबाइल उंच धरून उभी होती.

ओट्यावर निरंजनमहाराज बसलेले. समोर विड्याच्या पानावर ओली हळद. शेजारी कॅमेऱ्यावर बसवायचा एक जुना फ्लॅश, सेलचं झाकण उघडं, आणि आत पांढरी-हिरवट पूड साचलेली. महाराजांनी दुसऱ्या पानाच्या टोकानं चिमूटभर पूड उचलली, हळदीवर टाकली, आणि हळद लालभडक!

"भिकाजी बोलतोय!" महाराज गरजले. "साऱ्या खोऱ्याच्या लग्नांत ह्यानं उजेड पाडला. आता त्याचा आत्मा विभूती होऊन बाहेर आलाय! इंदूबाई, पुढं या. सुरी नको, टाके नकोत. डोळ्यातला पडदा आपोआप गळंल."

नेमक्या त्याच वेळी शाळेच्या एसटीतून प्रियदर्शिनी उतरली. भिकाजी तिचे आजोबा, ह्याच स्टुडिओचे फोटोग्राफर. त्यांना जाऊन काही वर्षं झाली होती. इंदूबाई तिची आजी, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. मंगळवारी पौडला ऑपरेशन ठरलेलं. आणि ती आजी मान मागे टाकून, डोळा ताणून बसली होती, अन् महाराजांचं पान पुडीसकट त्या डोळ्यावर आलं होतं.

दप्तर एकीकडे, चप्पल दुसरीकडे. प्रियदर्शिनीनं ओट्यावर उडी मारली आणि महाराजांचं मनगटच धरलं.

"थांबा! डोळा जाईल तिचा!"

"पोरी, हात सोड! कोप होईल!"

"होऊ दे. मी दहावीला आहे, रोज कुणाचा ना कुणाचा कोप होतोच."

कुणीतरी फिसकन हसलं. आजी मात्र चिडली. "पिऊ, गप ऱ्हा! तुझ्या आज्याची विभूती हाय ती. सकाळी मी बोटानं चाचपली, तर बोट कसं चुरचुरतंय बघ."

"शक्ती चढतीया," महाराजांनी लगेच सांगितलं.

प्रियदर्शिनीनं आजीचं बोट पाहिलं. टोक लाल, कातडी सोललेली. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं आजीला ओढतच शेजारच्या नळापाशी नेलं आणि बोटावर धो धो पाणी सोडलं. मग ती गर्दीकडे वळली.

"महाराज, विभूती एवढी चांगली ना? मग आधी तुमच्या डोळ्यात घाला."

"आमची दृष्टी दिव्य हाय. आमाला गरज न्हाई."

"बरं, डोळा राहू द्या. नुसतं बोट लावा. मघापासून बघतेय, प्रत्येक वेळी पानानंच उचलताय!"

"देवाच्या वस्तूला आमी हात लावत न्हाई."

"आणि म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यात घालताय? म्हणजे भाजतं हे तुम्हाला ठाऊक आहे!"

बायका महाराजांच्या हातातल्या पानाकडे बघू लागल्या. पण तरीही एक आवाज आलाच, "मग हळद लाल कशी झाली गं?"

शेजारच्या टपरीवाल्या हेमलताकाकूंकडून तिनं चिमूटभर हळद मागितली, ओली केली आणि भांडी घासायच्या ठिकाणचा कपड्याचा साबण तिच्यावर घासला. हळद लाल!

"अगं बया!" काकू ओरडल्या. "हे तर शर्टावरच्या कालवणाच्या डागासारखं झालं की! साबण लावला की लाल हुतोय तो."

"तेच तर! हळदीला आम्लारी लागली की ती लाल होते, मग ती साबणातली असो नाहीतर सेलमधली. आता हे बघा." तिनं टपरीवरचंच लिंबू महाराजांच्या कुंकवावर पिळलं. कुंकवाची पुन्हा पिवळी हळद झाली. बायका खो खो हसल्या. महाराज पंचा झटकून उठले.

"आजी, अल्कलाइन सेल फार दिवस आत राहिले की फुटतात. आतला रस झिरपतो, वाळून ही पूड होते. हा आत्मा नाही. ही सेलची घाण आहे, डोळा जाळणारी."

इंदूबाई हळूच म्हणाली, "सेल मीच घालत हुते. दर स्मृतिदिनाला नवं. त्यांची वस्तू उपाशी नगं म्हून. वरीसभर तसंच आत ऱ्हायचं, काढून ठेवायचं कधी सुचलंच न्हाई. म्हंजे मीच घालवला व्हय त्यांचा फ्लॅश?"

प्रियदर्शिनीचा राग आणखी भडकला, पण आजीवर नाही. नवऱ्याच्या आठवणीत सेल घालणाऱ्या बाईची माया ह्या माणसानं हेरली, आणि तिच्याच डोळ्यात विष घालायला निघाला!

"गेला नाहीये फ्लॅश, आजी. बघच."

हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून तिनं फुटके सेल काढले. काडीला कापूस गुंडाळून टपरीवरच्या व्हिनेगरमध्ये बुडवला आणि खाचेत फिरवला. पूड फसफसली, विरघळली. ओलं पुसून घेतलं, गंजलेल्या पट्ट्या बारीक पॉलिशपेपरनं चकाकेपर्यंत घासल्या, सगळं वाळू दिलं. आतला भाग मात्र उघडला नाही, तिथं विजेचा झटका साठलेला असतो. मग टपरीवरचे नवे सेल.

बटण सरकवलं. काहीच नाही. गर्दीत कुणीतरी खाकरलं. तिनं दात-ओठ खात पट्ट्या पुन्हा घासल्या.

ऊंऽऽऽ असा बारीक, चढत जाणारा आवाज आला. लाल दिवा लागला. तिनं बटण दाबलं.

लख्ख!

"ह्योच आवाज!" आजीनं तोंडावर पदर धरला. "मांडवात मी ऐकायची."

महाराज एव्हाना नुकत्याच लागलेल्या परतीच्या एसटीच्या पायरीपाशी पोचले होते. इंदूबाईनं त्यांना तिथंच गाठलं.

"तुझ्या आईच्या डोळ्यात घातलं असतंस का रं हे? बोल की!"

महाराज घाईघाईनं एसटीत चढले. आजी मागं वळली.

"आन् तुमी? हात जोडून बघत हुता सगळे. मीबी मान मागं टाकली हुती. पोरीनं एक साधा सवाल केला, त्यो आपल्याला का सुचला न्हाई? ज्येला इचारल्यालं चालत न्हाई, त्येच्या हातनं काय घेऊ नका. दुखलं तर डाक्टर गाठा. नवल दिसलं तर आधी इचारा, मग हात जोडा."

सेल काढून तिनं फ्लॅश नातीच्या हातात दिला. "चल घरी. मंगळवारची पयली एसटी चुकता कामा न्हाई."