उशाशी बसलेली

थोरलीनं धाकटीच्या काखेतला थर्मामीटर काढून पाहिला आणि तिला आधी बरंच वाटलं. ताप होता. वडिलांचा आजार धाकटीला लागला होता. लस दोघींनी एकाच दवाखान्यात, एकाच रांगेत उभं राहून घेतली होती. थोरली मात्र ठणठणीत.

आठवडाभर घर तिनंच ओढलं होतं. स्वयंपाक, औषधं, चादरी उकळणं, सगळं. ताट वडिलांच्या खोलीच्या दाराशी ठेवायचं, टकटक करायची आणि मागं सरायचं. धाकटी मात्र आली ती थेट खोलीत शिरली आणि वडिलांच्या उशाशी ठाण मांडून बसली. त्यांना थंडी वाजते म्हणून खिडकी बंद, आणि आत दोघांच्या गप्पा. भांडी घासताना वडिलांचं हसणं कानावर आलं की थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राबायचं हिनं आणि लाडकी ती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई धाकटीला तपासायला आल्या. वडील आता बरे होते. तेही खुर्ची ओढून बसले.

"लस फुकटच गेली म्हणायची हिची," थोरली म्हणाली.

"फुकट कशी? म्हणून तर एवढ्यावर निभावलं. पण बंद खोलीत आजाऱ्याच्या तोंडाशी तासन्‌तास बसल्यावर लस तरी किती अडवणार? विषाणू जितका जास्त अंगावर घ्याल, तितका धोका वाढतो. तुम्ही लांबून वावरलात, ते बरं केलंत."

बोलणं कौतुकाचंच होतं. पण वडिलांसमोर कुणी आपली झडती घ्यावी, तसं थोरलीला झालं.

"लांबून कशाला? मीही बसायचे की. रोज."

वडील चष्मा काढून पुसायला लागले.

"जवळ? खिडकी बंद असताना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

धाकटी खोकत उठून बसली.

"हो डॉक्टर. मी झोपले की ताईच असायची बाबांजवळ. माझ्यापेक्षा जास्त."

"मग नशीबवान आहात. तरी तपासणी करून घ्या," म्हणत डॉक्टरीणबाई उठल्या. वडील त्यांना सोडायला दारापर्यंत गेले.

थोरली चादर नको तितकी ओढून सारखी करत होती. खोटं बोलली ती स्वतः, आणि मोठेपण मिळालं धाकटीला.

"तुला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं?"

"बाबांनी," धाकटी म्हणाली. "ताई लहानपणापासून भित्री आहे, म्हणाले. तिला कुणासमोर उघडं पाडू नकोस."

थोरली चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. हेसुद्धा त्यांनी धाकटीलाच सांगितलं होतं.