दोनच आट्यांचा आधार

मी चाकी बोलतेय. चाकी, म्हणजे तुम्ही जिला नट म्हणता ती. जरा हळूच बोलते हं, कारण या डब्यात कोण कुठून आलंय, काही सांगता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. सळईचा तुकडा कापला, दणादण ठोके घातले आणि पोटात गोल फिरत जाणारे आटे पाडले. तेव्हापासून दचकायची सवय लागली ती लागलीच.

मग हार्डवेअरच्या दुकानातला खण. शेजारी लाकडाचे स्क्रू. टोकदार नाकाचे, लाकडात स्वतःच वाट कोरत घुसणारे, कुणाची गरज नसलेले. असल्यांचा मला संशयच येतो. पलीकडे मशीनचे स्क्रू. बोथट टोकाचे, आयते आटे मिळाले तरच आत शिरणारे. आणि बोल्ट. आरपार जातात, पण पलीकडून धरायला आम्ही चाक्या लागतो. त्यांच्यातही दोन घराणी, मिलिमीटरवाले आणि इंचवाले. दिसायला सख्खे भाऊ, पण आट्यांमधलं अंतर वेगळं. मी मिलिमीटरची.

एका पुडीत आम्ही चार चाक्या आणि चार बोल्ट एका घरी गेलो. दोन बहिणींसाठी दुमजली पलंग आला होता. त्यांचे बाबा तो जोडायला बसले आणि माझा बोल्ट त्यांच्या हातून निसटून कपाटाखाली गेला.

"जाऊ दे, डब्यात असेल एखादा," बाबा म्हणाले.

हा डबा! माणसं उरलेसुरले स्क्रू त्यात टाकतात, "लागेल कधीतरी" म्हणतात. त्यातून निघाला एक बोल्ट. जाडी तीच, रंग तोच. मला मात्र त्याची चाल पटेना, तो इंचवाल्यांचा होता. एक आटा चढले, दुसरा चढले आणि अडकले. बाबांनी पान्यानं जोर लावला.

"बघ, कशी घट्ट बसली! हत्ती झोपला तरी हलायची नाही."

घट्ट कसली? रुतले होते मी!

मुलींची आत्या वाकून बघत होती. "दादा, बाकीच्या तिन्ही बोल्टांची टोकं चाकीतून बाहेर आलीत. याचंच आत कसं?"

"आली शंकासुर! अगं, कडी लावलेलं दार परत परत ओढून बघणारी तू. तुला काय पटणार?"

आत्या ओशाळली. पण जाता-येता तिची नजर माझ्यावरच. आम्ही दोघी एकाच मातीच्या.

थोरली वर चढायची, उड्या मारायची. धाकटी नेमकी खाली बाहुली घेऊन बसायची. प्रत्येक उडीला माझे दोन आटे सोलवटत होते. ओरडता येत नाही, म्हणून कुरकुरले. बाबा म्हणाले, "नवं लाकूड आहे, बोलतंच." आई म्हणाली, "तेल सोडा जरा."

आत्यानं मात्र बोट लावलं आणि मी लटलट हलले.

"खाली उतर आधी! आणि तू, चिमणे, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता!"

"आत्या, एकच उडी..."

"नाही म्हटलं ना!"

बाबा कपाळाला आठ्या घालत आले. "काय गं, उगीच मुलींना घाबरवतेस..." म्हणत त्यांनी बोल्ट ओढला. तो सरळ हातात आला. वरचा पलंग कोपऱ्यातून खचला आणि धाकटीच्या बाहुलीवर टेकला.

मग बाबांनी मुकाट्यानं कपाट सरकवलं, धुळीतून माझा खरा बोल्ट काढला आणि त्याला नवी चाकी आणली. ती बोटांनीच सरसर शेवटपर्यंत गेली. पाना लागला तो फक्त शेवटी आवळायला.

एवढंच तर सांगायचंय तुम्हाला. बोटांनी चढत नसेल तर ती जोडी नव्हे. पान्याच्या जोराला घट्टपणा समजू नका.

आत्या म्हणाली, "ही फेकून दे हं, दादा. आटे गेलेत हिचे."

"हो, हो," बाबा म्हणाले. आणि सवयीनं हात डब्याकडे गेला.

तर मी इथे आहे. बाहेरून नवी कोरी, आतून गुळगुळीत. शेजारी तोच इंचवाला, साळसूदपणे पडलेला. सकाळपासून बाहेर खुडबुड चाललीय. मुलींच्या झोपाळ्याला म्हणे एक चाकी कमी पडतेय.

झाकण उघडतंय. अहो, आत्याला हाक मारा ना कुणीतरी!