गळ्याचं माप

पेंटरताईंचा हात अख्ख्या बाजारात नावाजलेला होता. वीस वर्षं त्या दुकानांच्या पाट्या रंगवत होत्या. पट्टी नाही, दोरी नाही. श्वास रोखायचा आणि एका दमात शिरोरेघ ओढायची. तो हात त्या वर्षी फितूर झाला.

चष्म्याच्या दुकानाची पाटी चालली होती. शिरोरेघ ओढता ओढता कुंचला थरथरला आणि रेघेला लाट आली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली. पुन्हा लाट! खालून दुकानदार म्हणाला, "ताई, नंबर वाढला वाटतं. बसा आत, काढून देतो."

एरवी त्यांनीच त्याला दोन टोमणे जास्त मारले असते. त्या दिवशी मात्र कुंचला डब्यात आपटून त्या तरातरा शिडी उतरल्या. खाली पोचेपर्यंत छाती अशी धडधडत होती, जणू डोंगर चढून आल्या होत्या.

घरातही तेच. बाकीचे स्वेटर घालून बसायचे आणि या खिडक्या सताड उघडायच्या. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. दोन माणसांचं जेवण एकट्या जेवायच्या, तरी अंगाला काही लागायचं नाही. शेजारणी हेव्याने विचारायच्या, "अगं, काय करतेस तरी काय?" काय सांगणार, कप्पाळ! नवरा म्हणायचा, "तू फार डोक्यात घेतेस." लेक तर एकदा रडवेली होऊन म्हणाली, "आई, तुझ्याशी बोलायचीच भीती वाटते गं." हे वाक्य ताईंच्या मनात कुसळासारखं रुतलं. आपण मुळातच खाष्ट आहोत आणि वयाबरोबर ते बाहेर पडतंय, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

पँट कमरेवर ठरेना, तेव्हा त्या टेलरकाकांकडे गेल्या. काका त्यांचे कपडे पहिल्यापासून शिवायचे.

"ही कमरेत आत घ्या. आणि कामाचा डगलाही नवा शिवा. जुन्याचं वरचं बटण लागत नाही. धुऊन धुऊन आटलाय."

काकांनी डगला त्यांना घालायला लावला. खांद्यावर चिमूट धरून पाहिली, बगलेत पाहिली. मग गळ्याभोवती टेप लावली. मापांची वही उघडली आणि पुन्हा टेप लावली.

"ताई, कापड आटलं तर सगळीकडून आटतं. हा छातीत ढगळ झालाय, खांद्यातून उतरतोय. मग गळ्यालाच तेवढा घट्ट कसा?"

"मला काय माहीत! तुमचंच माप चुकलं असेल."

"आठ महिन्यांत तुझी कंबर चार इंच उतरली आणि गळा पाऊण इंच वाढला. रोडावणाऱ्या माणसाचा गळा भरत नसतो गं. घाम फार येतो का? हात पुढे कर बघू."

"काका, तुम्ही कपडे शिवा. डॉक्टरकी नको!" ताई ओरडल्याच. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

काकांना राग आला नाही. चष्मा काढून ते हळू आवाजात म्हणाले, "आमचीही अशीच ओरडायची. तीन वर्षं. मी म्हणायचो, बाईचं डोकं फिरलंय. बोलणंच टाकलं होतं मी. शेवटी चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करत होती. डगला मी शिवणार नाही. आधी डॉक्टर." आणि दोन्ही मापं तारखांसकट कागदावर लिहून त्यांनी ताईंच्या हातात कोंबली.

ताई तणतणत बाहेर पडल्या, पण गेल्या डॉक्टरीणबाईंकडेच. बाईंनी कागद वाचला, नाडी मोजली. पाण्याचा घोट गिळायला लावून गळा निरखला. पुढे केलेल्या हातांवर एक कोरा कागद ठेवला. तो पानासारखा फडफडायला लागला. मग रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी निकाल आला: काकांचा अंदाज खरा होता.

"तुमच्या शरीराचं इंजिन उगाचच भरधाव पळतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भूक, घाम, धडधड, थरथर, चिडचिड, सगळं त्याचंच. वेळेत आलात. नाहीतर हृदयावर ताण पडत जातो. गोळ्या देते; त्या चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर मात्र थांबू नका, लगेच या."

"चिडचिडसुद्धा त्याचीच?"

"हो, तीसुद्धा."

ताईंना तिथेच रडू फुटलं. दुखण्याचं नाव कळून कुणी इतकं सुखावलेलं डॉक्टरीणबाईंनी क्वचितच पाहिलं असेल. घरी त्यांनी सगळं सांगितलं. नवऱ्याने टेबलपंखा उचलून त्यांच्या बाजूला ठेवला. लेक येऊन गळ्यात पडली, आणि मग "दुखत नाही ना?" म्हणून घाबरून बाजूला झाली. तिघंही हसली.

थरथर थोड्याच दिवसांत कमी झाली. बाकीचं सावरायला दोन-अडीच महिने गेले. झोप लागायला लागली तशी ताई काकांकडे गेल्या. त्या पाया पडायला वाकल्या, तर काका मागेच सरले.

"माझ्या कसल्या पडतेस? हिला भोगावं लागलं, म्हणून मला कळलं. आभार तिचे मान."

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. काकू खिडकीशी बसून बटणं लावत होत्या. ताईंनी सगळं सांगितलं: पाटी, लेकीचं बोलणं, काकांनी दुकानात दिलेली कबुली, तो कागद. काकू सुई थांबवून ऐकत राहिल्या.

"काकू, तुमच्यामुळे मी वाचले."

काकूंनी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "यांनी लोकांसमोर सांगितलं? मला बोल लावला होता ते?"

"भर दुकानात," ताई म्हणाल्या.

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "तुला सांगायचंच राहिलं होतं. चुकलंच माझं."

काकूंनी पदराने डोळे टिपले. मग ताईंना जवळ ओढून बसवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उभे काय राहिलात? चहा टाका तिघांचा. आज तुमच्या हातचा पिऊ."