स्वयंपाकघरातली साक्ष

घरातल्या मुलाने डॉक्टर व्हायचं म्हटलं, तर आपल्याकडे पेढे वाटतात. मुलीने शिक्षिका व्हायचं म्हटलं, तर शेजारपाजारचेही माना डोलावतात. पण सुनेने वकील व्हायचं म्हटलं तर? तर घरादाराच्या कपाळावर आठ्या पडतात, जणू काही ती पहिला खटला घरच्यांवरच भरणार आहे! जळगावच्या पुखराजशेठच्या घरात त्या शनिवारी सकाळी नेमकं हेच झालं.

सून जिनल बी.एस्सी. झालेली, रसायनशास्त्र घेऊन. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरचं सगळं सांभाळून तिने कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास केला, परीक्षा दिली, आणि जळगावातल्याच एका कॉलेजात तिचा नंबर लागला. सोमवारपर्यंत प्रवेश पक्का करायचा होता. सासऱ्यांच्या ताटात पोळी वाढता वाढता तिने ही बातमी सांगितली.

"रसायनशास्त्राचा आणि कायद्याचा काय संबंध?" पुखराजशेठनी विचारलं.

"पप्पाजी, कुठल्याही विषयाची पदवी चालते. पदवीनंतर तीन वर्षांचा कोर्स असतो. माझ्याबरोबर परीक्षेला एक बँकेतले निवृत्त काका होते, एक नर्सताई होत्या."

"असतील. पण आपल्या घरात वकिलाची गरज काय? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण वाडवडिलांनी उगाच नाही केली. मी या बैठकीत इतके वाद मिटवले, एकाला तरी कोर्टात जाऊ दिलं का?"

ते खरंच होतं. शेठजींचं बी-बियाण्यांचं दुकान. धरणगावपासून पार धुळ्याच्या खेड्यांपर्यंत गिऱ्हाईक पसरलेलं. शेतकरी कपाशीचं बियाणं न्यायला येत आणि जाताना घरातल्या कटकटीही सांगत. शेठजी शब्दाचे पक्के, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यामुळे हळूहळू लोक भांडणं घेऊन त्यांच्या घरी येऊ लागले. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत पांढरीशुभ्र गादी अंथरली जायची, दोन्हीकडची माणसं बसायची, चहा व्हायचा, आणि शेठजी म्हणतील ती पूर्व दिशा! शेवटी आतून खडीसाखरेची वाटी यायची. दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या तोंडात खडा घालायचा. खडा विरघळला की विषय संपला. पुन्हा तो काढायचा नाही, असा दंडक होता.

"बरं, काय शिकलीस एवढा अभ्यास करून?" शेठजींनी थोडं चेष्टेत विचारलं. माणूस वाईट नव्हता. सुनेचं मन मोडतंय हे त्यांना दिसत होतं.

जिनल म्हणाली, "पहिली गोष्ट हीच शिकले, की ज्याच्याबद्दल निकाल द्यायचा, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही."

शेठजी खो खो हसले. "हात्तिच्या! हे तर मी कॉलेजात न जाता करतोय. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी तोंड उघडत नाही! त्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची?"

जिनलने नवऱ्याकडे, तरुणकडे पाहिलं. त्याने ताटाकडे पाहिलं. शेठजींच्या पत्नी धनकुंवरबाई तव्यावरची पोळी उलटत होत्या. त्यांनी फक्त गॅस बारीक केला.

विषय तिथेच संपला. निदान शेठजींना तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. धुळ्याकडून रुपचंद आला होता, मुलीला घेऊन. जामनेरहून जावई नवल आणि त्याचे वडील आले होते. रुपचंदची मुलगी दिपमाला माहेरी निघून आली होती, आणि तिच्यावरून बसलेली ही तिसरी बैठक होती. याआधी दोनदा याच गादीवर खडीसाखर वाटली गेली होती आणि दोनदा दिपमाला नांदायला परत गेली होती. हे प्रकरण पुन्हा उकरून निघालं, याचा शेठजींना मनातून थोडा रागच आला होता. त्यांच्या खडीसाखरेचा तो अपमान होता ना!

रिवाजाप्रमाणे पुरुष गादीवर बसले. दिपमाला खाली मान घालून आत स्वयंपाकघरात गेली. बाईमाणसाने बैठकीत बसायचं नाही. तिच्या वतीने तिचा बाप बोलणार. असंच चालत आलं होतं, आणि त्यात काही चुकीचं आहे हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"बोला," शेठजी म्हणाले.

नवलचे वडील बोलले, "शेठजी, आमी तिले काही कमी केलं नाही. पन पोरगी मगरूर झाली. हाक मारली तं ओ देत नाही. चार मान्सांत हाका मारून घसा कोरडा पडतो, आन् ही आपली ढिम्म. आमची काही इज्जत आहे का नाही?"

शेठजी रुपचंदकडे वळले. "रुपचंदभाऊ, तुमचं काय म्हणणं?"

रुपचंद हात जोडून म्हणाला, "काय सांगू शेठजी? पोर घर यीसन नुस्ती रडस. इचारं तं काहीच सांगत नही. तुम्हीन सांगशात तसं." पोर घरी येऊन नुसती रडते, विचारलं तर काही बोलत नाही, एवढंच त्या बापाला माहीत होतं.

झालं! दोन्ही बाजू ऐकून झाल्या. शेठजींनी क्षणभर डोळे मिटले आणि निकाल सांगितला. मुलीने सासऱ्याची माफी मागावी, हाक मारली की ओ द्यावी, आणि आजच जामनेरला जावं. सासरच्यांनी तिला गोडीगुलाबीने वागवावं. घरातली गोष्ट घरात राहावी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सगळ्यांनी माना हलवल्या. शेठजींनी आत आवाज दिला, "अहो, खडीसाखर पाठवा!"

वाटी आली नाही. शेठजींनी पुन्हा आवाज दिला. तरी आली नाही. तिसऱ्यांदा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दारात धनकुंवरबाई उभ्या राहिल्या. बैठक चालू असताना त्या कधी उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर नीट होता, आणि हात रिकामे होते.

"आज साखर मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे? संपली?"

"भरपूर आहे. पण कशाची वाटायची? निकाल कुठे लागलाय?"

गादीवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेठजींचा चेहरा लाल झाला. "आत्ताच तर लागला! दोन्ही बाजू ऐकल्या मी."

"कुठल्या दोन बाजू?" धनकुंवरबाईंचा आवाज चढला नव्हता, पण हटतही नव्हता. "एक तिचा बाप बोलला, एक त्याचा बाप बोलला. मार कुणी खाल्ला? ती कुठल्या बाजूला आहे? काल सून म्हणाली, ज्याच्याबद्दल निकाल द्यायचा त्याचं आधी ऐकायचं. तुम्ही हसलात. मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. कारण तिचं म्हणणं खरं असेल, तर या घरात आजवर एकही निकाल लागलेला नाही!"

शेठजींनी हाताने त्यांना आत जायची खूण केली.

"प्रत्येक रविवारी तुम्ही इथे बसता आणि ज्या बाईचं गाऱ्हाणं असतं ती आत माझ्याजवळ बसते," त्या पुढे म्हणाल्या. "माझ्याबरोबर भाजी निवडता निवडता ती सगळं सांगते. खरी साक्ष स्वयंपाकघरात होते आणि निकाल गादीवर लागतो. मी मधल्या दारातून चहा पाठवला, साखर पाठवली. जे ऐकलं, ते कधी पाठवलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्या बायकांचं तोंड मीही साखरेनेच दाबलं. आज मला ते जमणार नाही. तुम्ही आत या."

नवलचे वडील पुटपुटले, "शेठजी, बाईमान्सांचं काय मनावर घेता..."

पण शेठजी उठले होते. बैठक अर्धी टाकून ते आत गेले, आणि त्यांच्यामागोमाग रुपचंद.

ओट्याजवळ खाली दिपमाला गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. दाराकडे तिचा डावा खांदा होता. तिच्यासमोर जिनल बसली होती.

"बेटा दिपमाला," शेठजींनी दारातून हाक मारली.

ती शेंगा मोडत राहिली.

"दिपमाला!"

तिने मान वर केली नाही. शेठजींच्या मनात आलं, बरोबर आहे त्या माणसाचं, पोरगी मगरूरच आहे. तेवढ्यात जिनलने तिच्या गुडघ्याला हात लावून दाराकडे खूण केली. दिपमाला दचकली, धडपडत उभी राहिली, आणि उजवा कान त्यांच्याकडे करून, मान तिरकी करून उभी राहिली.

तिला डाव्या कानाने ऐकूच येत नाही, हे शेठजींच्या ध्यानात आलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी कसंबसं विचारलं.

दिपमालाने बापाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "शेठजी, मले डावा कानतीन काहीच आयकू येस नही. मांगला खेपले तुम्हीन साखर दिन्ही ना, मी सासरले गयी, त्यानाच दुसरा दिन यासनी मारं. या कानवर. तधपासून असंच शे. त्या डावीकडतीन हाका मारतस. मले कशी समजाई?" मागच्या खेपेला सासरी परतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने कानावर मारलं होतं, आणि तेव्हापासून डावीकडून मारलेली हाक तिला कळतच नव्हती.

रुपचंद भिंतीला टेकला. "पोरी, तू मले काबर सांगं नही?"

"कसं सांगू? तुम्ही भाहेर बठेल, सासरा भाहेर बठेल. मले कोनीच इचारं नही." तिचे डोळे भरून आले. "आज या वहिनीनी इचारं."

डाव्या बाजूने दोनदा विचारलं तरी हिने उत्तर दिलं नाही, हे जिनलच्या ध्यानात आलं होतं, आणि तिने जागा बदलून पुन्हा विचारलं होतं. एवढीच काय ती गोष्ट. पण तीन बैठकांत गादीवरच्या कुणालाही तिला विचारायचं सुचलं नव्हतं!

पुखराजशेठ पाटावर बसले. मागच्या वेळी नवलच्या तोंडात घातलेला खडीसाखरेचा खडा त्यांना आठवला. रिवाज बाजूला ठेवून, स्वतःच्या हाताने, कौतुकाने घातला होता. आठवड्यापूर्वीच जैनांची संवत्सरी झाली होती. त्या दिवशी शेठजी लहानथोरांपुढे हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत. कळत नकळत माझ्याकडून कुणी दुखावलं गेलं असेल तर क्षमा करा, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षं ते हे म्हणत आले होते. पण नकळत कोण दुखावलं, ते शोधायला कधी गेले नव्हते. आज ते माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात उभं होतं.

ते उठले आणि दिपमालाच्या उजव्या बाजूला गेले. हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, बेटा," ते म्हणाले.

थोड्या वेळाने ते बाहेर आले, तेव्हा दिपमाला त्यांच्यासोबत होती. त्यांनी तिला गादीवर बसवलं. नवलचे वडील चुळबुळले. नवलने मात्र मान वर केली नाही, आणि त्यावरून समजायचं ते सगळे समजले.

"माझा निकाल मी मागे घेतो," शेठजी म्हणाले. "हात उगारणाऱ्या माणसाचा निकाल लावणं हे माझ्या गादीचं काम नाही. दिपमाला आज जामनेरला जाणार नाही. आधी कानाच्या डॉक्टरकडे जाईल. पुढे काय करायचं, ते ती सांगेल."

"शेठजी, तुम्हीच म्हणता ना, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये!" नवलचे वडील उसळून म्हणाले.

शेठजींनी बायकोकडे पाहिलं. धनकुंवरबाई म्हणाल्या, "ती म्हण नेमकी कुणाच्या सोयीची आहे, याचा एकदा विचार करा. मार खाणारीने पायरी चढली नाही, तर मारणाऱ्याचं फावतं!"

दिपमालाने चाचरत विचारलं, "पन वकील कोठून आनू? आम्हले काय माहीत?"

जिनल दारातून पुढे आली. "ताई, बाईला सरकारकडून मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टातच त्याचं ऑफिस असतं. घरात मारहाण होत असेल तर त्यासाठी वेगळा कायदा आहे, संरक्षण अधिकारी असतात. मला अजून सगळं येत नाही. पण कुठे जायचं ते माहीत आहे. मी बरोबर येईन."

पाहुणे गेले. गादी उचलायची तशीच राहिली. संध्याकाळी शेठजींनी सुनेला हाक मारली. तरुणही येऊन उभा राहिला.

"काल मी तुझाही निकाल असाच लावला," ते म्हणाले. "तू काय म्हणतेस ते पुरतं ऐकलंच नाही. आता बस इथे आणि सांग. मी मध्ये बोलणार नाही."

जिनल गादीवर बसली आणि बोलली. कॉलेजच्या वेळा सांगितल्या, घरच्या कामाचं काय करायचं ते सांगितलं, आणि कधी नव्हे ते तरुण म्हणाला, "सकाळचं मी बघतो." धनकुंवरबाई पदराआड हसल्या. सोमवारी सकाळी कॉलेजच्या रांगेत जिनलच्या मागे पुखराजशेठ स्वतः उभे होते. कुणी विचारलं तर सांगत होते, "सुनेचा प्रवेश आहे. आमच्या घरात वकील नव्हता, फार अडत होतं."

आज दिपमाला धुळ्याला माहेरी आहे. तिचा कान पूर्वीसारखा होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. काही चुका साखरेने मिटत नाहीत आणि पश्चात्तापानेही भरून निघत नाहीत. पण कोर्टात तिने आपलं म्हणणं स्वतःच्या तोंडाने मांडलं. बापाने नाही, शेठजींनीही नाही. जिनल दुसऱ्या वर्षाला आहे. शेठजींच्या घरी रविवारी आजही माणसं येतात. शेतातल्या बांधाचा वाद असेल तर शेठजी समजूत घालतात. पण एखाद्या मुलीचा विषय निघाला, की चहाच्याही आधी विचारतात, "जिच्याबद्दल बोलायचं, ती कुठे आहे? आधी तिला इथे बसवा."

बंधुभगिनींनो, प्रत्येकाने वकील व्हावं असं नाही. पण आपल्यापैकी प्रत्येकजण कुठे ना कुठे न्यायाधीश होऊन बसलेला असतो. कुणी मुलीच्या शिक्षणाचा निकाल लावतो, कुणी सुनेच्या नोकरीचा, कुणी बहिणीच्या संसाराचा. कायद्याच्या पुस्तकातला पहिला धडा शिकायला कुठल्याही पदवीची गरज नाही. ज्याच्या आयुष्याचा निकाल द्यायचा, त्याला आधी बोलू द्या! आणि तुमच्या घरातून ओ येत नसेल, तर आणखी मोठ्याने हाक मारू नका. उठा, आत जा, आणि तिच्याजवळ बसून विचारा.