तिसऱ्या भागातली गोदामावशी

दूध उतू जात होतं आणि दर्शनाचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वकील? आई, वकील? तो तर पहिल्या भागापासून पायलला बहीण मानतोय!"

"मानतोय ना, म्हणूनच," तुळसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात लांबवून गॅस बंद केला. "जो ऊठसूट ताई ताई करतो, त्याच्याकडे जरा नीट बघावं."

"अंगावर काटा आला माझ्या! बघा, बघा!" दर्शनाने हात पुढे केला. सासूबाईंनी चष्मा सारखा करून काटा खरंच तपासला आणि मान डोलावली. गवारीच्या शेंगा परातीत अर्ध्या मोडलेल्या तशाच पडल्या होत्या. आत दर्शनाचा नवरा मयूर भुकेने कासावीस होऊन टीव्हीचा आवाज वाढवत होता. पण कोपरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात सध्या त्याला विचारतंय कोण!

ही सगळी करामत 'लाल कुलूप'ची. तीन भागांची रहस्यकादंबरी, इन्स्पेक्टर पायलची. पहिला भाग दर्शनाने ठाण्याच्या ऑफिसात, डब्याच्या सुट्टीत वाचला आणि नादात लोणच्याचं तेल ऑडिटच्या फायलीवर सांडलं. ऑफिसातली शिवानी रोज विचारायची, "आज काय झालं गं?" आणि दर्शना हातवारे करून असं काही सांगायची, की शेजारच्या टेबलावरचे लोकही खुर्च्या ओढून घ्यायचे.

तिला एक वाईट खोड मात्र होती. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. त्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. पहिल्या भागाचा शेवट तिने एकदा जेवताना भडाभडा बोलून टाकला होता, तेव्हा तुळसाबाई पुस्तकाच्या जेमतेम अर्ध्यावर होत्या. त्यांनी ताट सरकवलं आणि त्या उठून गेल्या होत्या.

दुसऱ्या भागावरून तर ओढाताणच झाली. एकाच पुस्तकात दोन खुणा, सुनेचं बसचं तिकीट आणि सासूचा उदबत्तीच्या पुड्याचा कागद. सकाळी उठून कोणाची खूण पुढे सरकली ते बघायचं. त्या भागाच्या शेवटी बंद खोलीचं लाल कुलूप उघडतं आणि आत भिंतीवर पायलचाच लहानपणचा फोटो! आणि तिथे भाग संपतो. दर्शनाला असा राग आला, की तो लेखक समोर असता तर तिने लाटणंच उगारलं असतं.

खरं तर लग्नाला नऊएक वर्षं होऊन सासू-सुनेचं भांडण असं कधी झालं नव्हतं. आणि बोलणं असंही फारसं कधी झालं नव्हतं. सिलिंडर आला का, दूध किती घेऊ, मयूरला उशीर आहे का, संपलं. दर्शना ऑफिसातून यायची, तुळसाबाई चहा पुढे करायच्या, कप घेऊन ती मोबाईलसकट आत जायची. यात कुणाचं काही चुकतंय असं दोघींनाही वाटत नव्हतं. आणि आता बघावं तर ओट्यापाशी दोघींचे असे वाद, की शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने बेल वाजवली.

तिसरा भाग आला तेव्हा ऑफिसात ऑडिटचा हंगाम ऐन भरात होता. दर्शनाला श्वास घ्यायला सवड नव्हती. तुळसाबाई म्हणाल्या, "मला मिळालाय वाचनालयातून. मी दुपारी वाचते, संध्याकाळी तुला सांगते. पण पुस्तकाला हात लावायचा नाही. तुझा काही भरवसा नाही." घरात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला त्या वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या, तसं यालाही घातलं, आणि ते कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचली.

मग काय विचारता! रोज संध्याकाळी दर्शना चपला काढता काढता ओरडायची, "आई, पुढे?" आणि तिसऱ्या भागात तर गोदामावशी आली. चौकीत चहा पोचवणारी म्हातारी. आधीच्या भागांमध्ये ती कधी आली होती ते दर्शनाला आठवेना, पण या भागात तिने कहर केला. सगळे तिच्यासमोर बिनधास्त बोलतात, कारण तिच्याकडे कोणी बघतच नाही. शेवटी वकील त्या बंद खोलीत पुरावा जाळायला शिरतो आणि गोदामावशी चहाची किटली खाली ठेवून बाहेरून दार ओढून घेते. त्याला तेच लाल कुलूप लावते आणि आत ओरडणाऱ्या वकिलाला म्हणते, "साहेब, चहा गार होतोय."

दर्शना त्या दिवशी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचली.

शिवानी वर्तकनगरला राहायची. तिथल्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा वाचककट्टा भरायचा. "या रविवारी 'लाल कुलूप'चा तिसरा भाग आहे. तू बोलायचंस," तिने सांगून टाकलं. "पहिली तूच."

"मी? स्टेजवर?"

"स्टेज कुठलं, खुर्च्या आहेत. ऑफिसात बोलतेस तसं बोल. वाचलायस ना?"

"हो, म्हणजे काय!" दर्शना म्हणाली. सासूबाईंनी सांगितलाय म्हणजे वाचल्यासारखाच, असा तिने मनाशी हिशेब केला. आयुष्यात तिला कोणी चारचौघांत बोलायला बोलावलं नव्हतं. पण हे करायचंच, आणि असं करायचं की लोकांनी पुन्हा बोलवावं, असं तिने ठरवलं. शनिवारी आरशासमोर तालीम झाली. तुळसाबाईंना ती कट्ट्याविषयी काहीच बोलली नव्हती. छान झालं तर येऊन सांगू, फजिती झाली तर गप्प बसू, असा बेत होता.

हॉलमध्ये वीसेक माणसं होती. बहुतेकांच्या हातात पुस्तक. कट्टा चालवणारे गोपीनाथराव, निवृत्त शिक्षक, यांनी तिची ओळख करून दिली. दर्शना उभी राहिली आणि तिने एकदम गोदामावशीपासूनच सुरुवात केली.

"मला सांगा, इतकी वर्षं आपण पोलिसांच्या गोष्टी वाचतोय. त्यात चहा कोण आणतं, कधी बघितलं आपण? या लेखकाने बघितलं! मी तर म्हणते, हा भाग पायलचा नाहीच, गोदामावशीचा आहे!"

भीती कुठल्या कुठे पळाली. ती हात उडवत होती, वकिलाचा आवाज काढत होती, किटली ठेवून दाखवत होती. माणसं डोळे मोठे करून बघत होती. रंगलेत, दर्शनाला वाटलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गोपीनाथराव पुस्तकाची पानं चाळत होते, पुढे, मागे, पुन्हा पुढे.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "ही गोदामावशी कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्या म्हणजे? सगळीकडे आहे!"

"चौकीत एक चहावाली आहे खरी. इथे, एकाच पानावर. चहा देते आणि जाते. तिला नावही नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. शिवानीने मान खाली घातली. दर्शनाचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. पुस्तकांची गल्लत झाली असं म्हणून बसता आलं असतं. तेवढं तिला सुचलंही. पण डोळ्यांसमोर ओट्याजवळच्या तुळसाबाई आल्या, चष्मा सारखा करून तिच्या हातावरचा काटा तपासणाऱ्या.

"मी तिसरा भाग वाचलेलाच नाही," ती म्हणाली. "मला सासूबाईंनी सांगितला. रोज संध्याकाळी, थोडा थोडा. मला वाटलं, पुस्तकातलंच सांगतायत."



"म्हणजे हे त्यांनी स्वतः रचलं?" पुढच्या रांगेतली एक बाई पुढे वाकून म्हणाली. "अहो, मग थांबलात का? त्या वकिलाला कुलूप लावल्यावर काय झालं? किल्ली कोणाकडे?"

"किल्ली गोदामावशीच्या चहाच्या डब्यात," दर्शना म्हणाली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" ती बाई शेजारणीला म्हणाली. "नाहीतर पुस्तकात काय केलंय त्या लेखकाने! शेवटी तर चक्क पायलची—"

"सांगू नका!" गोपीनाथराव ओरडले. "ताईंनी वाचलेलं नाही!"

यावर सगळा हॉल हसला, आणि या वेळी दर्शनासुद्धा. मग तिने उरलेली गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. "साहेब, चहा गार होतोय," या वाक्याला अशी टाळी पडली, की वॉचमन डोकावून गेला. निघताना गोपीनाथरावांनी स्वतःची प्रत तिच्या हातात ठेवली. "खरा शेवट घरी जाऊन वाचा. आणि पुढच्या वेळी त्यांनाच घेऊन या."

परतीच्या वाटेवर पुस्तक तिच्या मांडीवर होतं. रागही आला होता तिला. चारचौघांत तोंडघशी पाडलं म्हणून, आणि इतके दिवस आपल्याला पत्ता लागला नाही म्हणूनही. पण रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. ही बाई माझ्या घरात राहते आणि मला माहीतच नाही! शेवटचं पान बोटाखाली होतं. तिने ते उघडलं नाही.

घरी आल्यावर ती चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली आणि पुस्तक ओट्यावर ठेवलं. वर्तमानपत्राचं कव्हर नसलेलं, ठळक अक्षरांत 'भाग तिसरा'.

तुळसाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. आत जाऊन त्यांनी कपाट उघडलं आणि आपलं पुस्तक आणून शेजारी ठेवलं. दर्शनाने कव्हर सोडवलं. दुसरा भाग होता. तोच, पुन्हा बदलून आणलेला.

"तिसऱ्याला वाचनालयात खूप नंबर लागलेत. मिळालाच नाही," तुळसाबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं ना, आई!"

"सांगितलं असतं तर तू कप घेऊन आत गेली असतीस. पहिल्यासारखी." "दुसरा भाग संपला तेव्हा दोन दिवस गेलीच होतीस. मला करमेना. म्हटलं, आपणच सांगू काहीतरी. मग सुचत गेलं. तू अशी डोळे फाडून ऐकायचीस, की थांबवेना."

दर्शनाने आधण ठेवलं, साखर टाकली, आलं किसलं. मग कट्ट्यावर काय झालं ते थोडक्यात सांगितलं, फजितीसकट.

"माझ्यामुळे हसले तुला," तुळसाबाई खजील होऊन म्हणाल्या. मग न राहवून त्यांनी विचारलं, "या पुस्तकात गोदा नाहीच का?"

"एक चहावाली आहे. चहा देते आणि जाते. नावसुद्धा नाही तिला."

"चहा देते आणि जाते," तुळसाबाई हळूच म्हणाल्या.

दर्शनाने दोन कप भरले. एक त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा घेऊन पाट ओढून तिथेच बसली.

"शेवटचं पान वाचलंस?"

"नाही."

"तू? आणि नाही?" तुळसाबाईंना ते खरंच वाटेना. त्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग उठल्या, दोन्ही पुस्तकं उचलून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचत परत येऊन बसल्या. चहाचा घोट घेतला.

"हं, आता सांग. गोदा कुलूप लावते ना, तिथे लोक काय म्हणाले? नीट सांग, पहिल्यापासून. गाळू नकोस काही."